गोव्यातल्या घराची जुनी लोखंडी खिडकी बदलताना

लोखंडी चौकटीची खिडकी खालून सडते. वरची पट्टी आणि बाजूचे उभे अँगल अनेक वर्षांनंतरही ठणठणीत असतात, खालचा अँगल मात्र रंगाच्या थरांआड पापुद्रे धरून बसलेला असतो. काचेवरून ओघळलेलं पाणी खालच्या खोबणीत साचतं, पुट्टी वाळून तडकलेली असते, आणि त्या फटीत खाऱ्या हवेचं मीठ ओल धरून ठेवतं. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा घेतो, म्हणून फुगलेला अँगल गिलाव्याला रेटतो आणि खालच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. अशी चीर दिसली, तर भिंतीत रुतलेलं लोखंडही गेलंय असं धरून चालावं.

बदलायची की दुरुस्त करायची, हे ठरवायला एक जाड स्क्रूड्रायव्हर पुरतो. खालच्या पट्टीवर दर चार बोटांवर जोर देऊन टोचा. टोक आत घुसलं, किंवा पापुद्रे खरवडल्यावर निम्म्याहून कमी जाडी उरली, तर खिडकी बदला. नुसता वरवरचा गंज असेल तर बदलू नका. जुना रंग ओला करून तारेच्या ब्रशने घासून, वाळल्यावर झिंक फॉस्फेट प्रायमरचे दोन हात, नवी पुट्टी आणि इनॅमल एवढ्यावर ती अजून बरीच वर्षं काढेल. जुन्या खिडक्यांचं लोखंड जाड असतं आणि त्यांची झडपं पूर्ण उघडतात. सरकत्या खिडकीत कधीही निम्माच गाळा (भिंतीतली खिडकीची जागा) मोकळा होतो, हे वारा खेळायला हवा असणाऱ्यांनी आधीच लक्षात घ्यावं. फोंडा, डिचोली, सत्तरीकडच्या घरांत दुरुस्ती बहुधा पुरते. मिरामार, कळंगुट, मांद्रे, कोलवा अशा किनाऱ्यालगतच्या घरांत बदलण्याची पाळी लवकर येते.

काम नोव्हेंबर ते मार्चमध्ये उरका. चवथीच्या आधी घर रंगवायला काढलं की खिडकीलाही हात घालावासा वाटतो, पण तेव्हा भिंतीचा चिरा (जांभा दगड) ओला असतो, नवा गिलावा वाळत नाही आणि सीलंट धरत नाही. मे महिन्यात करायचंच असेल, तर मृगाच्या आधी किमान पंधरा दिवस सगळे सांधे भरून झालेले हवेत.

फ्लॅट असेल तर सोसायटीला विचारून मगच बाहेरून दिसणारा रंग आणि नमुना ठरवा. पणजीच्या फोंताइन्हाससारख्या संवर्धन क्षेत्रातल्या घराची दर्शनी बाजू बदलण्याआधी परवानगी घ्यावी लागते. गावातल्या जुन्या घरात आणखी एक शक्यता असते: लोखंडी खिडकी नंतर बसवलेली असते, आणि गिलाव्याआड मूळची लाकडी चौकट किंवा बुजवलेली कमान निघते. तसं काही दिसलं तर काम थांबवा, फोटो काढा, लाकूड ठोकून बघा. शाबूत सागवानी चौकट फोडून तिथे अ‍ॅल्युमिनियम बसवणं हे नुकसानच आहे.

नवी खिडकी कोणती

आधी भिंतीची दिशा बघा, साहित्य त्यानंतर. गोव्यात पावसाची झड पश्चिम आणि नैऋत्येकडून येते. त्या बाजूच्या भिंतीला बाहेर उघडणारं, रबरी गॅस्केटवर दाबून बसणारं झडप घ्या. वारा त्याला चौकटीवर आणखी घट्ट दाबतो. सरकती खिडकी छज्जाखाली, बाल्कांवाच्या (घरापुढच्या झाकलेल्या ओट्याच्या) आत किंवा पूर्वेच्या भिंतीला चालते.

सरकत्या खिडकीत पाणी का येतं, ते आकड्यात समजून घ्या. ताशी 72 किलोमीटरचा झोत आला की काचेवर साधारण 240 पास्कल दाब पडतो. एवढा दाब ट्रॅकमधलं पाणी सुमारे 24 मिमी उंच तोलून धरतो. म्हणजे खालच्या ट्रॅकचा आतला उभा कठडा 24 मिमीपेक्षा बुटका असेल, तर निचऱ्याची भोकं कितीही मोकळी असली तरी पाणी कठडा ओलांडून घरात येणार. स्वस्त सेक्शनमध्ये (चौकटीच्या तयार पट्टीत) हा कठडा हमखास बुटका असतो. फॅब्रिकेटरकडे (खिडकी बनवणाऱ्याकडे) गेल्यावर सेक्शनचा तुकडा हातात घ्या आणि टेपने मोजा; 30 मिमीहून कमी असेल तर झडीच्या भिंतीला घेऊ नका.

अ‍ॅल्युमिनियमवर पावडर कोटिंग 60 ते 80 मायक्रॉनचं मागा. कोटिंग कापल्या कडांवर नसतं, आणि खारी हवा तिथूनच आत शिरते, म्हणून चौकट जोडण्याआधी कापलेल्या टोकांना सीलंट लावून घ्यायला सांगा. यूपीव्हीसीला (कडक प्लॅस्टिकला) गंजाचा प्रश्न नाही, पण आत गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पट्टी आहे याची खात्री करा. ती नसेल तर चार फुटांची झडप उन्हात वाकते. शिवाय यूपीव्हीसी उष्णतेने अ‍ॅल्युमिनियमच्या तिप्पट पसरतं. 1200 मिमी लांबीचा तुकडा 30 अंशांच्या फरकाने सुमारे अडीच मिलिमीटर वाढतो. त्याला भिंतीत आवळून बसवलं की उन्हाळ्यात झडप अडकते.

स्क्रू आणि बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या हव्यात. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असाल तर 316 ग्रेडच्या, आत असाल तर 304 पुरतात. साधा लोखंडी स्क्रू अ‍ॅल्युमिनियमला लागला आणि वर खारं पाणी पडलं, की दोन धातूंमध्ये विजेचा क्षीण प्रवाह सुरू होतो. झिंकचा मुलामा जाईपर्यंत काही दिसत नाही, मग स्क्रूभोवती अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी आणि गंजाचे डाग एकदमच दिसू लागतात. डासांची जाळी फायबर ग्लासची घ्या.

ग्रिलचा विचार इथेच करून ठेवा. बहुतेक जुन्या खिडक्यांत ग्रिल चौकटीलाच वेल्ड केलेलं असतं, त्यामुळे चौकट कापली की ग्रिलही निघतं आणि घर उघडं पडतं. नवं ग्रिल नव्या चौकटीला न जोडता थेट भिंतीत, स्वतंत्र बसवा. ते वेल्डिंग पूर्ण झाल्यावर हॉट डिप गॅल्व्हनाइज केलेलं (वितळलेल्या जस्तात बुडवलेलं) असावं. आधी मुलामा आणि मग वेल्डिंग केलं तर प्रत्येक सांध्यावर गंज येतो. झडप बाहेर उघडणार असेल तर ग्रिल आतून घ्यावं लागेल आणि झडप ओढायला हात बाहेर जाईल एवढी फट ग्रिलमध्ये ठेवावी लागेल.

माप आणि कामाचा क्रम

लोखंडी चौकटीच्या कडांवर गिलावा 10 ते 15 मिमी चढलेला असतो. डोळ्यांना दिसतो तो गाळा खरा नसतो. त्या मापाने खिडकी बनवून आणली की एक तर ती बसत नाही, किंवा बाजूला दोन बोटं फट राहते आणि गवंडी ती सिमेंटने भरून मोकळा होतो. यासाठी काम दोन टप्प्यांत करा: आधी जुनी चौकट काढून गाळा तयार करा, मग माप घेऊन खिडकी बनवायला द्या. मधल्या दिवसांत गाळ्यावर 12 मिमी प्लायवूड आतून ठोका आणि बाहेरून ताडपत्री बांधा.

तयार गाळ्याची रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजा. उंची डाव्या, मधल्या आणि उजव्या बाजूला. सर्वांत लहान मापातून 16 मिमी वजा केले की चौकटीचं माप निघतं. म्हणजे प्रत्येक बाजूला 8 मिमी सांधा राहतो. दोन्ही कर्णही मोजा. त्यांत 5 मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर गाळा काटकोनात नाही, तो गिलाव्याने सरळ करून घ्या. कारागीर अजूनही फूट, इंच आणि सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, 3 मिमीहून किंचित जास्त. माप मिलिमीटरमध्येच लिहून द्या. तोंडी सांगितलेल्या सुतांमध्ये घोळ होतो.

काच टफन्ड (तापवून कडक केलेली) घेणार असाल तर माप दोनदा तपासा, कारण टफन्ड काच नंतर कापता येत नाही. वजनही ध्यानात ठेवा: काचेचं वजन दर चौरस मीटरला, जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरमागे अडीच किलो भरतं. 1200 बाय 1200 ची 5 मिमी काच म्हणजे 18 किलो.

जुनी चौकट काढणं

हात लावण्याआधी खिडकीच्या वर बघा. लिंटेल, म्हणजे वरचं वजन पेलणारी आडवी तुळई, आहे का? चिऱ्याच्या जुन्या घरांत कधी नुसती लाकडी फळी असते, तीही वाळवीने पोखरलेली, आणि वरच्या चिऱ्यांचं वजन इतकी वर्षं लोखंडी चौकट पेलत असते. वरच्या कोपऱ्यांतून आडव्या-तिरप्या चिरा असतील किंवा चौकटीची वरची पट्टी मध्ये वाकली असेल, तर गवंड्याला बोलावून आधी टेकू द्या आणि लिंटेल टाकून घ्या. हे न करता चौकट कापणं धोक्याचं आहे.

जुन्या रंगात शिसं असण्याचा संभव मोठा आहे. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा भारतात 2017 मध्ये लागू झाली. त्याआधीचे थर तसेच आहेत. कोरडं घासू नका, रंग ओला करून खरवडा, मास्क लावा, मुलांना आणि गरोदर बाईला त्या खोलीत येऊ देऊ नका, आणि खालची धूळ न झाडता ओल्या फडक्याने टिपून घ्या.

आता क्रम. काचेवर दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीची फुली काढा, पुट्टी छिन्नीने सोडवा, काच बाहेर काढा. पुट्टी दगडासारखी झाली असेल तर हीट गनने ऊब द्या, हातोडी मारू नका. मग बिजागऱ्या कापून झडपं उतरवा. नंतर चौकटीच्या कडेने, आतून आणि बाहेरून, गिलाव्यावर ग्राइंडरने सरळ काप घ्या. हा काप घेतला नाही तर चौकट ओढताना गिलाव्याचे पत्रे खाली येतात.

चौकट अखंड ओढायची नाही. 4 इंची ग्राइंडरला 1.2 मिमी जाडीची कटिंग चक्ती लावून चारही बाजू मध्यावर तिरक्या कापा. तिरका काप महत्त्वाचा, सरळ कापलेली टोकं एकमेकांत अडकून बसतात. मग पहारीने एकेक तुकडा गाळ्याच्या आतल्या बाजूला वळवा. ठिणग्या उडतात तिथल्या टाइल्स, शेजारची काच आणि पडदे ओल्या गोणपाटाने झाका. गरम लोखंडाचे कण काचेत रुततात आणि नंतर तिथे गंजाचे ठिपके उमटतात. वरच्या मजल्यावर बाहेर पहाड (परांची) बांधल्याशिवाय हे करू नका. खिडकीलगत स्विचबोर्ड असेल तर त्या खोलीची एमसीबी खाली करा.

चौकट भिंतीला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, म्हणजे होल्डफास्ट, सहसा बाजूला तीन-तीन असतात. त्या उपटायला गेलात तर चिरा फुटतो. पण पृष्ठभागाला सपाट कापून सोडून दिल्या तर त्या आत गंजत राहतात आणि दोन पावसाळ्यांत नव्या गिलाव्यावर तांबूस डाग आणि फुगवटा येतो. म्हणून प्रत्येक पट्टीभोवती 20 मिमी खोल खड्डा करा, पट्टी खड्ड्याच्या तळाशी कापा, टोकाला झिंकयुक्त प्रायमर लावा आणि वाळल्यावर पॉलिमर मिसळलेल्या मालाने (सिमेंट-वाळूच्या मिश्रणाने) खड्डा बुजवा. एका खिडकीमागे हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. कंत्राटदार ते टाळतो, म्हणून समोर उभं राहून करून घ्या.

गाळा आणि सिल

गोव्यातल्या गळक्या खिडक्यांमध्ये बहुतेकदा खिडकी निर्दोष असते आणि तिच्याखालची पाटी, म्हणजे सिल, गळते. वेळ आणि पैसा इथे घाला.

जुनी सिल उखडून चिऱ्यापर्यंत जा. सैल माती, चुना, गंजाचे खपले ब्रशने काढा. चिरा पाणी पितो. कोरड्या चिऱ्यावर माल मारला तर तो मालातलं पाणी शोषून घेतो आणि गिलावा भुसभुशीत राहतो. आदल्या संध्याकाळी आणि सकाळी भिंत भिजवा, पृष्ठभागावरचं पाणी ओसरलं की काम सुरू करा. माल 1:4 (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू), वाळू धुतलेली किंवा एम सँड (दगड भरडून केलेली). किनाऱ्यावरची वाळू कुणी आणून दिली तर परत पाठवा: तिच्यातल्या मिठामुळे भिंतीवर पांढरे फूल येतं आणि आतलं लोखंड सडतं. सात दिवस पाणी मारा.

सिलचा उतार बाहेर, दर 100 मिमीला 10 मिमी. माल सुकल्यावर पॉलिमर सिमेंटच्या वॉटरप्रूफिंगचे दोन हात ब्रशने द्या, एक आडवा आणि एक उभा. हा लेप नुसता सिलवर थांबवू नका. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर 150 मिमी आणि आतल्या कडेला चौकटीच्या मागे 20 मिमी वर चढवा, म्हणजे खाली उथळ परात तयार होते आणि चौकटीखाली पोचलेलं पाणी बाहेरच जातं. कोपऱ्यात फायबर जाळीचा तुकडा पहिल्या हातात बसवा, चीर तिथेच पडते. त्यावर ग्रॅनाइट किंवा कडप्प्याची 18 ते 20 मिमीची फरशी, एकसंध, बाहेर गिलाव्याच्या पुढे 40 मिमी आलेली. फरशीच्या पुढे आलेल्या भागाला खालून, कडेपासून 15 मिमी आत, 8 मिमीची खाच मारून घ्या. ही खाच नसली की पाणी फरशीच्या पोटाला चिकटून मागे भिंतीकडे वळतं आणि खिडकीखालची भिंत हिरवी होते.

बसवणं

1200 बाय 1200 च्या एका खिडकीला लागणारं सामान: 10 मिमी जाड आणि किमान 100 मिमी लांब नायलॉन फ्रेम फिक्सिंग 9, खालच्या बाजूसाठी स्टेनलेस पट्ट्या 3, प्लॅस्टिकचे पॅकर (सांध्यात घालायचे टेकू) डझनभर, 10 मिमी फोमची दोरी 10 मीटर, न्यूट्रल सिलिकॉनच्या 300 मिलीच्या 2 नळ्या, मास्किंग टेप. पॅकर म्हणून लाकडाच्या चिपा वापरू नका, त्या फुगतात आणि वाळवीला वाट देतात.

चौकट बाहेरच्या पृष्ठभागापासून 75 ते 100 मिमी आत घ्या. भिंतीच्या बाहेरच्या तोंडाला लावलेली खिडकी सगळा पाऊस अंगावर घेते. अ‍ॅल्युमिनियम ओल्या सिमेंटला लागलं तर त्यातल्या क्षारांनी कोटिंग जळतं, म्हणून चिकटवलेली संरक्षक फिल्म आत्ता काढू नका. पॅकरवर चौकट उभी करा, ओळंबा आणि पाणसळ बघा, कर्ण मोजा. फरक 3 मिमीच्या आत हवा.

भोकं कोपऱ्यापासून 150 मिमीवर आणि पुढे जास्तीत जास्त 600 मिमी अंतराने. चिऱ्यात ड्रिलचा हॅमर बंद ठेवा. दणक्याने चिऱ्याच्या पोकळ्या फुटून भोक मोठं होतं आणि फिक्सिंग गरगर फिरतं. भोक चिऱ्याच्या पोटात घ्या, दोन चिऱ्यांच्या दर्जेत (सांध्यात) नको, कारण जुन्या भिंतीत तिथे मातीच निघते. तरीही भोक सैल झालं तर जाळीदार स्लीव्हसह केमिकल अँकर (भोकात घट्ट होणारा राळेचा गोंद) भरा. स्क्रू प्रत्येकाला थोडा थोडा आवळा आणि मध्येच झडप चालवून बघा. जास्त आवळलं की चौकट कमानीसारखी भिंतीकडे वाकते.

खालच्या ट्रॅकमध्ये भोक पाडू द्यायचं नाही, यावर ठाम राहा. तिथेच पाणी साचतं आणि प्रत्येक स्क्रू गळतीची वाट होतो. खालची बाजू धरायला त्या 3 पट्ट्या आधीच चौकटीच्या तळाला आतल्या बाजूने लावून भिंतीत घ्या.

सांध्यात आधी फोमची दोरी दाबा, मग 6 मिमी खोलीचं सीलंट भरा, आतून आणि बाहेरून. दोरीमुळे सीलंट फक्त दोन बाजूंना चिकटतं आणि ताणलं-दबलं तरी फाटत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन घेऊ नका, त्यातलं आम्ल सिमेंटशी झगडतं आणि सांधा सुटतो. कडांवर जुना चुना किंवा डिस्टेंपर असेल तर गिलाव्यापर्यंत खरवडा, नाहीतर सीलंट चुन्याला धरतं आणि चुना भिंतीला सोडतो. सांधा नंतर रंगवायचा असेल तर सिलिकॉनऐवजी एमएस पॉलिमर घ्या, सिलिकॉनवर रंग बसत नाही. पीयू फोम फवारून वर गिलावा मारण्याची पद्धत फोफावली आहे, पण फोम पाणी अडवत नाही आणि उन्हात भुगा होतो.

सीलंट दिवसाला 2 ते 3 मिमी पक्कं होतं. तीन दिवस थांबून पाण्याची चाचणी घ्या. बागेच्या पाइपला झारीचं तोंड लावून आधी फक्त सिलवर दहा मिनिटं, मग बाजूंवर, शेवटी वरच्या सांध्यावर. आत एकाने कोरडा वर्तमानपत्राचा कागद कडेला धरून बसावं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि गळतं कुठून ते कळत नाही. गळलंच, तर पहिल्यांदा निचऱ्याची भोकं बघा; गवंड्याने व्हाइट सिमेंटने ती बुजवलेली असणं ही सर्वांत नेहमीची तक्रार आहे.

चाचणी झाली की संरक्षक फिल्म लगेच सोलून काढा. उन्हात महिनोन्‌महिने राहिली तर तिचा गोंद कोटिंगवर भाजून बसतो आणि थिनरने काढताना रंगही जातो. त्यानंतर दर महिन्याला, किनाऱ्याजवळ दर पंधरा दिवसांनी, चौकट आणि ट्रॅक गोड्या पाण्याने धुवा, आणि मेच्या शेवटी निचऱ्याच्या भोकांतून एक पातळ तार फिरवा.